माझ्या प्लास्टिकच्या पापण्या

माझ्या डोळ्यांना कधीच काही झालेलं नव्हतं. मळ्याच्या पलीकडच्या आंब्यावर बसलेला पोपट मला ओट्यावरून दिसायचा, सुईत दोरा मी पहिल्या झटक्यात ओवायचो, आणि बुलढाण्याला पंचायत समितीच्या कचेरीत साहेबांचं अक्षर मला एकट्यालाच लागायचं. तरीही ऐन सव्विसाव्या वर्षी मी नागपूरला जाऊन डोळ्यांवर सुरी चालवून घेतली, आणि तीही निव्वळ दिसण्यासाठी. (म्हणजे मला दिसण्यासाठी नव्हे. लोकांना मी बरा दिसावा यासाठी!)

दोष होता तो पापण्यांत. दुकानदार जेवायला जाताना अर्ध्या फळ्या लावून जातो ना, तशा माझ्या दोन्ही पापण्या जन्मापासून अर्ध्यावर उतरलेल्या. मी कितीही टक्क जागा असलो तरी बघणाऱ्याला वाटायचं, गडी आत्ता घोरायला लागणार. शाळेत गुरुजींच्या हातातला खडू दिवसातून दोनदा तरी माझ्या कपाळावर यायचा. कचेरीत साहेब बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "वसंतराव, तुम्ही आधी घरी जाऊन झोपून या." मी म्हणायचो, "साहेब, मी जागाच आहे." साहेब इतरांकडे बघून म्हणायचे, "पाहा, झोपेत बोलतो सुद्धा!"

ह्या सगळ्याची सवय झाली होती. पण लग्नाचं सुरू झालं आणि पापण्या आड आल्या. आड म्हणजे अगदी अक्षरशः.

पहिली मुलगी डोणगावची. मी पोहे खात होतो, खालमानेनं तिच्याकडे चोरून बघतही होतो, आणि मला ती मनापासून आवडली होती. आठ दिवसांनी निरोप आला, "पोरगा पोहे खाता खाताच झोपला. पुढं संसार कसा करन?" दुसऱ्या ठिकाणी मुलीच्या मामानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अफू घेता का भांग?" तिसऱ्या ठिकाणी तर मला बघून मुलगी आत जाऊन रडली, आणि ते रडणं आम्हाला बैठकीत स्पष्ट ऐकू आलं. त्या दिवशी आमच्या गावी, देऊळघाटला परत येताना माझे वडील सायकल हातात धरून चालत होते. (आम्ही दोघं एका सायकलवर बसलो की चढावर असंच व्हायचं.) घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "माह्या बी पापन्या अशाच हायेत बे. पन मले वांग्याच्या वाफ्यात कोनी पाहाले येत नाई." मला हसू आलं, आणि मी त्यांच्या हातून सायकल घेतली.

अशात आमचे भाऊजी आले. माझी मोठी बहीण नागपूरला दिलेली. भाऊजी तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते आणि अर्ध्या शहराचे डॉक्टर आपल्याला विचारून कापाकापी करतात असा त्यांचा समज होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, याचं काय घेऊन बसले! आमच्याकडं एक डॉक्टरसाहेब आलेत. पापणी वर उचलून शिवून देतात. प्लास्टिक सर्जरी म्हणतात तिला."

आता, महाराष्ट्र राज्य नवं होतं, पण आमच्या बाजारात प्लास्टिकची बादली त्याहूनही नवी होती. माझ्या आईनं (तिला आम्ही माय म्हणायचो) अशी एक बादली हौसेनं आणली होती आणि पहिल्याच दिवशी चुलीजवळ ठेवली होती. तिचं काय झालं हे सारं घर जाणून होतं.

"प्लास्टिकच्या पापन्या?" माय किंचाळली. "जावईबापू, उन्हानं वितयल्या त?"

"अहो मामी, प्लास्टिक नुसतं नावाला. आत त्याचीच कातडी."

"मंग नाव कायले ठेवलं प्लास्टिक?"

भाऊजींनी चहाचा कप तोंडाला लावला. (याचं उत्तर मला आजही ठाऊक नाही.) पण वडिलांनी निकाल दिला, "पोराच्या मनात असन त जाऊ दे. आपन पोळ्याले बैलाचे शिंगं साळून रंगवतो, तवा काई बोलतं का तू?" बैलाच्या रांगेत बसवल्याबद्दल मी वडिलांचे मनोमन आभार मानले आणि ट्रंक भरली.

गावात सांगायचं ठरलं की वसंता कचेरीच्या कामानं नागपूरला गेला. कारण डोळ्यांचं दुखणं असतं तर गोष्ट वेगळी होती. बाप्या माणूस सुंदर दिसायला ऑपरेशन करून घेतो, हे देऊळघाटात कळलं तर मला मळ्यातच कायमचं बुजगावणं म्हणून उभं राहावं लागलं असतं. मायनं देवाची शपथ घेतली की हे कोणालाच सांगणार नाही. आणि तिनं ती पाळली. फक्त शेजारच्या गिरजाकाकूला सांगितलं.

ऑपरेशन डोळ्यांभोवतीचा भाग बधिर करून झालं. मी जागा होतो. डॉक्टरसाहेब अधूनमधून म्हणायचे, "वर बघा. आता खाली. आता उघडा." मी उघडले. ते पुन्हा म्हणाले, "उघडा." मी आणखी जोर लावला. ते नर्सला म्हणाले, "पेशंट झोपला वाटतं." दाराशी भाऊजी उभे होते. ते तिथूनच ओरडले, "नाही साहेब! तो जागा असला तरी असाच दिसतो. त्यासाठीच तर आणलाय!"

आठवड्यानं टाके काढले आणि मला आरसा दिला. मी आरशात बघितलं, आणि मग मागे वळून बघितलं, की हे कोण आलंय! दोन्ही डोळ्यांभोवती भरताच्या वांग्याचा रंग, सूज अशी की भुवईला गाल लागावा, आणि मधून दोन डोळे बघतायत. टक लावून. डॉक्टरसाहेब समाधानानं म्हणाले, "छान झालंय. सूज उतरेल, रंगही जाईल. धूर-धूळ टाळा, वाकू नका, उशाला दोन उशा घ्या, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, रात्री मलम. आणि एक गोष्ट. पापण्या जरा जास्तच वर घेतल्यात. महिना-दीड महिना झोपेत त्या पूर्ण मिटणार नाहीत. काळजीचं कारण नाही, पण घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर घाबरतील."

ही शेवटची गोष्ट मी घरी सांगितली नाही. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

भाऊजींनी मला काळा चष्मा घेऊन दिला आणि बसमध्ये बसवलं. तो चष्मा घालून मी आंधळा दिसेन हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कंडक्टरनं हात धरून मला खिडकीशी बसवलं. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "जन्मापासून का रे बाळा?" मला वाटलं पापण्यांचं विचारतेय. मी म्हणालो, "हो, जन्मापासूनच." झालं! अमरावतीपासून अकोल्यापर्यंत ती माउली पदरातल्या भुईमुगाच्या शेंगा सोलून एकेक दाणा माझ्या तळहातावर ठेवत होती आणि डोळे पुसत होती. मध्येच मला खिडकीतून शेतातली हरणं दिसली. तोंडातून "हरणं!" असा शब्द निघणार होता, तो मी दाण्याबरोबर गिळला. इतक्या प्रेमानं दिलेल्या दाण्यांचा अपमान कसा करायचा?

घरी पोचलो तेव्हा माय तुळशीला पाणी घालत होती. मी चष्मा काढला. तिच्या हातातला तांब्या तुळशीवर पडला.

"कोनी मारलं रे माह्या वसंत्याले!"

"कोनी नाई माय. डॉक्टरनं केलं."

"त्याच्या हाताले काय...!" पुढचे शब्द मी लिहीत नाही, कारण डॉक्टर सज्जन होते. ती रडत होती आणि मला धरून आत नेत होती. अशा वेळी तिला आणखी काय सांगायचं, की माय, मी डोळे उघडे ठेवून झोपतो? रात्री मी डोळ्यांवर ओली पट्टी ठेवून झोपायचो, त्यामुळे कोणाला काही दिसलंही नाही. म्हटलं, कशाला उगीच!

दुसऱ्या दिवशी गिरजाकाकू आली. ही आमची शेजारीण. तिचं माहेर धाड गावचं, स्वभाव अत्यंत मायाळू आणि पोटात काहीही राहायचं नाही, जेवण सोडून. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि दुकानात कापड बघावं तसं माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"वसंता, हात लावून पाहू का?"

"नको काकू, दुखते."

"प्लास्टिकले बी दुखते?"

"प्लास्टिक नाई व काकू ते! माहीच कातडी हाये!"

"हाव, हाव," काकू समजूतदारपणे म्हणाली. "मी कोनाले नाई सांगत."

संध्याकाळपर्यंत ओट्यावर सात बायका येऊन गेल्या. प्रत्येकीला काहीतरी "सहज" हवं होतं, कुणाला विरजण, कुणाला सुई, आणि जाताना प्रत्येकीचा सल्ला. "चुलीपाशी बसू नको रे." "गरम पान्यानं तोंड धुवू नको, आकसते थे." एक म्हातारी तर मायला म्हणाली, "बरं केलं व. एकदा बसवलं की जनमभर पाहा लागत नाई. माही बालटी पाहाय, दोन वर्सं झाले, चीर बी नाई गेली!"

हे सगळं मी सहन केलं असतं. पण गिरजाकाकूचा भाऊ धाडहून वांगी न्यायला आला, आणि ही बातमी धाडला पोचली. आणि धाडलाच माझ्या लग्नाची चौथी आणि (मायच्या मते) शेवटची आशा होती.

मुलीचं नाव इंदू. वडील रामराव, धाडचे मिरचीचे शेतकरी. मी तिला अजून पाहिलं नव्हतं. डोळे बरे झाले की महिन्याभरानं बघायला जायचं ठरलं होतं. मध्यस्थ गिरजाकाकूच. एकदा सहज बोलताना तिनं सांगितलं होतं, "पोरगी हुशार हाये, सातवी पास, वाचते लय." तेवढ्यावर मी रोज मनातल्या मनात इंदूशी बोलायला लागलो होतो. सव्विसाव्या वर्षी माणसाला फार साहित्य लागत नाही.

आल्याच्या पाचव्या दिवशीची गोष्ट. आमच्या अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या, ओट्यापासून फाटकापर्यंत लालभडक गालिचा. माय-वडील मळ्यात वांगी तोडायला गेले होते. मी ओसरीवर दोन उशांवर टेकून, डॉक्टरांच्या सगळ्या सूचना पाळत पडलो होतो. आणि गिरजाकाकूनं तिच्या अंगणात, म्हणजे माझ्यापासून सहा हातांवर, उखळात मिरच्या कांडायला घेतल्या!

वारा माझ्याकडे होता. पहिला भपका आला तेव्हा मी डोळे मिटले. म्हणजे मिटायला गेलो. ते मिटलेच नाहीत! मिरचीचा खकाणा उडाला की माणूस काय करतो? डोळे गच्च मिटतो. माझ्या दोन्ही फळ्या अर्ध्या उघड्याच! मी "काकू! काकू!" ओरडलो. तिला वाटलं मी खुशीत गातोय. मी हौदाकडे धावलो. वाकायचं नाही हे आठवलं, म्हणून ताठ उभ्यानंच तांब्यानं डोक्यावर पाणी ओतत राहिलो, एक तांब्या, दुसरा तांब्या, दहा तांबे. शेवटी काकूनं फाटकातून डोकावून विचारलं, "काऊन रे वसंता, आंघोय करून राह्यला? कपडे घालून?"

तिला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि लोणी आणायला घरात पळाली. मी कपडे बदलले, डॉक्टरांनी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या, ज्यांतली एकच घ्यायची होती, त्या दोन घेतल्या, मलम भरलं, ओली पट्टी ठेवली आणि ओसरीवर आडवा झालो. दोन गोळ्यांनी त्यांचं काम केलं. मी मेल्यासारखा झोपलो.

आणि झोपेत पट्टी घसरली.

पुढचं मला लोकांनी नंतर सांगितलं. गिरजाकाकू लोण्याची वाटी घेऊन आली. "वसंता, ए वसंता." वसंता गप्प. डोळे अर्धे उघडे, आत फक्त पांढरं, त्यावर मलमाची चमक, भोवती निळं-जांभळं. गालावर माशी बसली, गालावरून पापणीवर गेली, पापणी हलली नाही. काकूच्या हातातली वाटी पडली, आणि मग तिनं जो हंबरडा फोडला, तो म्हणे वेशीपर्यंत गेला.

"वसंता गेला व मायबाई! म्या मारला! माह्या मिरचीनं मारला!"

लोक धावले. अंगण भरलं. मिरच्यांच्या कडेकडेनं माणसं उभी राहिली. कुणीतरी माझी नाडी बघितली म्हणतात, पण ती चादरीवरून. जवळ जायला कोणी तयार नव्हतं, कारण प्लास्टिकचे डोळे मेल्यावरही बघत राहतात असा एकानं शोध लावला होता. एक जण मायला आणायला मळ्याकडे पळाला. बायकांनी रडायला सुरुवात केली. इतकी वर्षं मला झोपाळू म्हणणारे लोक आता सांगत होते, "पोरगा लय तेज होता."

आणि नेमके त्याच वेळी, धाडच्या एसटीतून उतरून, रामराव आणि त्यांच्या बहीण अनसूयाबाई आमच्या फाटकात आले. प्लास्टिकच्या डोळ्यांचं खरं-खोटं स्वतः बघून घ्यावं म्हणून न कळवता निघाले होते. समोर गर्दी, रडारड. रामरावांनी टोपी काढली आणि माणसांत जाऊन खाली बसले.

"कोन गेलं?"

"वसंता. ह्या घरचा पोरगा."

रामरावांनी मान उंचावून ओसरीकडे बघितलं. मग बहिणीकडे वळून, अगदी मनापासून, आणि त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले, "चांगलं झालं व. लग्नाआधीच समजलं."

"देवच पावला," इंदूच्या ह्या आत्याबाई म्हणाल्या. "आपली इंदू वाचली!"

आता, गोळ्यांच्या त्या गाढ झोपेत मला ना काकूचा हंबरडा ऐकू आला होता, ना बायकांचं रडणं. पण रामरावांचं ते "चांगलं झालं" कसं कोण जाणे, आत पोचलं, आणि पाठोपाठ "इंदू" हा शब्द. मी ताडकन उठून बसलो, आणि त्या दोन टक्क डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत ओरडलो,

"इंदूले काय झालं?"

त्यानंतर अंगणात जे झालं त्याला पळापळ म्हणणं म्हणजे पुराला शिंतोडे म्हणणं! माणसं माणसांवरून गेली. सगळ्यात आधी फाटकाबाहेर पडला तो माझी नाडी बघणारा. अनसूयाबाई तुळशीला मिठी मारून राहिल्या. आणि रामराव उठले, दोन पावलं मागे सरकले, पाय घसरला आणि पाठीवर पडले ते थेट मिरच्यांत! दोन्ही हातांनी सावरायला गेले, मिरच्यांचा चुरा झाला, आणि त्याच हातांनी त्यांनी घाबरून डोळे चोळले.

"मेलो! मेलो व अनसूये!"

भूत असो की माणूस, मिरचीनं भाजलेल्या डोळ्यांबद्दल त्या क्षणी सबंध बुलढाणा जिल्ह्यात माझ्याइतका जाणकार कोणी नव्हता. मी ओसरीवरून उडी मारली. "चोळू नका! मामा, हात खाली ठेवा!" त्यांना हौदावर नेलं, तांब्यावर तांबे ओतले, स्वच्छ धोतराचा पदर फाडून पट्ट्या केल्या, माझ्याच उशीवर त्यांना निजवलं आणि पट्ट्या ठेवल्या. पाहुणे कोण, कुठले, ते अनसूयाबाईंनी तुळशीआडूनच सांगितलं. माझेही डोळे पुन्हा पेटले होते, म्हणून शेजारी मीही पट्टी ठेवून पडलो.

एवढ्यात माय छाती बडवत फाटकातून आत आली. ओसरीवर दोन माणसं आडवी, दोघांच्या डोळ्यांवर पांढरी फडकी. ती रडायची थांबली. "दोन गेले?" तिनं विचारलं. "हे दुसरं कोन?"

"माय, मी जित्ता हावो," मी पट्टीखालून म्हणालो. "आन् हे धाडचे मामा. इंदूचे बाबा."

मायनं आधी मला कवटाळलं, मग दोन चापट्या मारल्या, मग पाहुण्यांसाठी चहा टाकायला आत गेली. मी पट्टी जरा उचलून बघितलं, तर वडील दाराशी उभे होते. हातात अजून एक वांगं होतं, तसंच धरून ते पळत आले होते. ते पाहून मला पहिल्यांदा खरंच लाज वाटली. डॉक्टरांचं एक वाक्य घरी सांगितलं असतं तर ह्या माणसाला तेवढं धावावं लागलं नसतं. मी सगळं सांगून टाकलं. ते माझ्या पायाशी बसले आणि बराच वेळ माझा पाय धरून राहिले.

शेजारून रामरावांचा आवाज आला. "काऊन केलं बे हे? डोये त चांगले होते म्हनते."

तोंड दिसत नसलं की माणसाला खरं बोलता येतं. मी सांगितलं. पोह्यांचं, अफूचं, आत जाऊन रडलेल्या मुलीचं. "मामा, लोक म्हनते झोपते, झोपते. मी कधीच झोपलो नोतो. मले सगळं दिसत होतं. नकार देताना त्यायचे तोंडं बी दिसत होते."

रामरावांनी पट्टी काढून पिळली, पुन्हा ठेवली. मग म्हणाले, "माह्या इंदूचे दात पुढं हायेत. चार जन पाहून गेले. आता थे पाहुने आले की तोंडावर पदर घेऊन हासते. पह्यले मोकयी हासत होती." थोड्या वेळानं म्हणाले, "मी मघा बोललो, थे... तुले ऐकू गेलं का?"

"नाई मामा. झोपलो होतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी झोपलो होतो असं म्हणालो, आणि तेच खोटं होतं! रामराव खदाखदा हसले, मग मीही हसलो. डोळे भयंकर चुरचुरले.

महिन्यानं आम्ही धाडला गेलो. रंग गेला होता, सूज उतरली होती, पण पापण्या अजून वरच्या वर. इंदू पोह्यांची बशी घेऊन आली. मी बघितलं. आणि बघतच राहिलो, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं! अनसूयाबाई भावाच्या कानात कुजबुजल्या (ह्या घरात कुजबुज सगळ्यांना ऐकू जायची), "पोरगा कसा टकमका पाहून राह्यला! लाज-शरम नाई त्याले?"

रामराव म्हणाले, "काही विचारायचं असन त विचार, इंदू."

इंदू मला म्हणाली, "मिटून दाखवा बरं."

मी सगळा जोर लावून डोळे मिटले. ओठ आवळले गेले, नाक वर चढलं, कान हलले. पापण्या शेवटच्या सुताएवढ्या उघड्याच राहिल्या. त्या फटीतून मला दिसलं, की इंदू पदर विसरून, सगळे दात दाखवून, मोकळी हसत होती. मग मी पोह्यांकडे बघितलंच नाही.

वैशाखात लग्न झालं. बुलढाण्याहून फोटोवाला बोलावला होता. एकच फोटो काढायचा होता, सगळ्या वऱ्हाडाचा. त्यानं सगळ्यांना बसवलं, कापडाखाली डोकं घातलं, "हालू नका" म्हणाला, आणि भक्कन उजेड पडला. आठवड्यानं तो फोटो घेऊन आला तेव्हा जरा ओशाळलेला होता. सगळं वऱ्हाड झकास आलं होतं. माय, बाबा, रामराव, आत्याबाई, इंदू, सगळ्यांचे डोळे उघडे. फक्त नवरदेवाच्या पापण्या, तीन महिन्यांत पहिल्यांदाच, गच्च मिटल्या होत्या!

"फिकीर करू नका," फोटोवाला म्हणाला. त्यानं तिथंच ओट्यावर बसून बारीक कुंचला काढला, काळ्या शाईत बुडवला, आणि मिटलेल्या पापण्यांवर दोन डोळे काढून दिले. चहा निवायच्या आत काम झालं. असे टपोरे, असे जागे, असे रुबाबदार डोळे आमच्या घराण्यात कोणाचे नव्हते.

इंदूनं फोटो हातात घेतला. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं, आणि म्हणाली,

"अवो, हा डॉक्टर बुलढान्यातच होता त तुमी नागपूरले कायले गेले?"